वीरांचे देहमान

बंगळूर शहराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या क्रीडांगणाला ‘कंठीरव’ हे नाव आहे. कंठीरव म्हणजे सिंह. म्हैसूरच्या गादीवर १६३८ ते १६५९ या काळात राज्य करणाऱ्या नरसराज वडेयर या राजाचेही हेच नाव. तो गादीवर आला त्याच सुमारास रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या स्वारीत केंपेगौडाचे बंगळूर आदिलशाहीच्या हाती पडले, आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. त्यामुळे मराठी मनाला हा काळ परका नाही. कंठीरव हा नामांकित मल्ल होता. त्याने वेष पालटून त्रिचनापल्लीस जावे आणि तेथील अजिंक्य मल्लाला चीत करावे, ही कथा कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९६० साली तिकडे ‘रणधीर कंठीरव’ हा चित्रपट निघाला, आणि राजकुमार या नटाची देहयष्टी हीच असंख्य प्रेक्षकांच्या मनात त्या राजाची देहयष्टी होऊन बसली.

या राजाने पाडलेली सोन्याची नाणी आजही पाहावयास मिळतात. ती इतकी चिमुकली आहेत की एकेकाचे वजन अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. काट्यावर टाकून ते कोणीही ताडून पाहावे. राजाचे वजन मात्र कोणत्याच काट्यावर उतरलेले नाही. तो केवढा होता, आणि आजच्या मल्लापुढे तो टिकला असता काय, या प्रश्नाला कथेने उत्तर मिळते, मोजमापाने मिळत नाही. मग ज्या वीरांची मोजमापे लिहून ठेवलेली आहेत, त्यांची तरी तुलना निर्वेध करता येते काय? याचा विचार करावयाचा तर मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. या गटाला वरची मर्यादा नाही, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी उपलब्ध आहेत.

त्या नोंदी प्रथमदर्शनी चकित करतात. १८९७ साली कॉर्बेटला हरवून जगज्जेता झालेला बॉब फिट्झसिमन्स अवघा १६७ पौंडांचा होता. आजच्या कोष्टकात तो हेवीवेटच्या कित्येक पायऱ्या खाली, सुपर मिडलवेटमध्ये बसेल. १९१९ साली जॅक डेम्प्सीचे वजन १८७ पौंड होते. १९५२ ते १९५६ या काळात अजिंक्यपद भूषवून, एकूण ४९ लढतींत एकदाही न हरता निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो १८५ पौंडांच्या आसपास असे. याउलट मे २०२४ मध्ये रियाध येथे झालेल्या लढतीत टायसन फ्युरी २६२ पौंडांचा आणि त्याला हरविणारा ओलेक्सांद्र उसिक साडेतेवीसशेंचा नव्हे, तर २२३½ पौंडांचा होता. म्हणजे त्या दिवशी जो ‘लहान’ ठरला तोही डेम्प्सीहून छत्तीस पौंडांनी जड. यावरून पूर्वीचे वीर किरकोळ आणि आजचे खरे धिप्पाड, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो घाईचा होय.

एक तर प्रचंड देहाची माणसे पूर्वीही होती. डेम्प्सीने ज्या जेस विलर्डला लोळविले तो साडेसहा फूट उंच आणि २४५ पौंड वजनाचा होता. १९३३ साली जगज्जेता झालेला इटलीचा प्रिमो कार्नेरा २६० पौंडांच्या घरातला. १९३५ साली १९६ पौंडांच्या जो लुईने त्याला सहाव्या फेरीत निकालात काढले. गेल्या शतकात पाश्चात्त्य देशांतील पुरुषांची सरासरी उंची सुमारे चार इंचांनी वाढली, हे खरे आहे. त्यामुळे उंच आणि त्याबरोबरच चपळ असा माणूस मिळणे आज सुलभ झाले आहे. तथापि उंचीच्या या वाढीने वजनाचा सगळा फरक उलगडत नाही.

तो उलगडण्यासाठी सारख्या उंचीची माणसे शेजारी उभी केली पाहिजेत. मार्सियानो पाच फूट साडेदहा इंचांचा. १९८६ साली विसाव्या वर्षी जगज्जेता झालेला माइक टायसनही जवळजवळ तेवढ्याच उंचीचा. पण टायसन त्या रात्री २२१ पौंडांचा होता. उंची सारखी आणि भार सुमारे पस्तीस पौंडांनी अधिक! हाडांचा सांगाडा प्रत्येकाचा निराळा असतो हे मान्य करूनही, एवढी तफावत केवळ निसर्गाने घातली असे म्हणवत नाही. मार्सियानोच्या काळी अजिंक्यपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे, आणि वजने उचलून कमावलेले स्नायू मुष्टियोद्ध्याला जखडून टाकतात अशी त्या काळच्या शिक्षकांची समजूत होती. मार्सियानो मैलोगणती धावे आणि अंगावरचा प्रत्येक अनावश्यक पौंड झिजवून टाकी. पुढे फेऱ्या बारा झाल्या, व्यायामाची दृष्टी बदलली, आहारशास्त्र आले, आणि कित्येक खेळांत निषिद्ध औषधेही आली.

याच मार्सियानोने आणखी एक साक्ष ठेवली आहे. १९६९ साली त्याची आणि महंमद अलीची काल्पनिक लढत संगणकाच्या आडाख्यावरून चित्रित करण्यात आली. दोन काळांची तुलना यंत्राकडून करवून घेण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग. त्या चित्रणासाठी निवृत्त मार्सियानोने सुमारे पन्नास पौंड वजन उतरविले. संगणकाने त्याला विजयी ठरविले. पण चित्रपट झळकण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, विमान अपघातात त्याचा अंत झाला. यंत्राच्या निकालाला आज कोणी फारसे मोल देत नाही. मात्र एकाच सांगाड्यावर पन्नास पौंड चढतात आणि उतरतात, ही त्या प्रयोगातली गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. मग यातले ‘नैसर्गिक’ वजन कोणते म्हणावे?

आपल्याकडील कुस्तीचा इतिहास हेच सांगतो. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती झाली. दोघांच्या उंचीत फारसा फरक नव्हता. वजनात मात्र झ्बिश्को कितीतरी भारी होता. त्या भाराचा उपयोग त्याने जमिनीला चिकटून राहण्यासाठी केला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळाला तेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. वजने दोनदा तपासून या दोन निकालांचे कोडे सुटणार नाही.

कोल्हापूरच्या तांबड्या मातीत जोड ठरे ती वस्तादाच्या नजरेने. काटा पुढे आला. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती माने ९७ किलोच्या गटात खेळले आणि गणपतराव आंदळकर त्यावरील गटात. दोघांनीही सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी सर्वांत वरच्या गटाला कमाल मर्यादा नव्हती; आज तेथे १२५ किलोची रेघ आहे. म्हणजे ‘सर्वांत जड’ या शब्दाचा अर्थही नियमकर्त्यांच्या लेखणीबरोबर बदलत आला आहे.

हा केवळ रसिकांचा वादविषय असता तर तो चहाच्या टेबलावर सोडून देता आला असता. पण तालमीत येणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला जेव्हा ‘वजन वाढव’ एवढाच मंत्र दिला जातो, तेव्हा या वादाची किंमत त्याचे गुडघे आणि त्याचे हृदय मोजतात. आजच्या विजेत्याचा आकडा पाहून त्याच्या सांगाड्यावर न पेलणारे ओझे लादणे, हा इतिहासाचा चुकीचा धडा होय. उसिक २०१८ साली २०० पौंडांच्या गटाचा निर्विवाद जगज्जेता होता. पुढच्या सहा वर्षांत त्याने पेलेल एवढेच वजन वाढविले, आणि आपल्याहून सहा इंच उंच फ्युरीला हरविले.

तात्पर्य, काटा सांगतो ते त्या दिवसाचे वजन. त्यात निसर्गाचा वाटा असतो, तसाच अन्नाचा, नियमांचा आणि काळाच्या समजुतींचाही असतो. जुन्या वीराला आजच्या आकड्याने लहान ठरविणे जितके अन्यायाचे, तितकेच कथेच्या बळावर त्याला राक्षस करणेही. कंठीरवाचे नाणे काट्यावर टाकले तर अर्ध्या ग्रॅमच्या आतच भरेल. पण त्या नाण्याने त्याच्या राज्यात काय विकत घेता येई, हे काटा कधीच सांगणार नाही.