शून्य दोन चार चार सहा: परळीचा एसटीडी कोड आणि जुन्या तालुक्यांचा नकाशा

आजचा विषय ऐकून कुणाला हसू येईल. परळी म्हटले की वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग, रेल्वेचे जंक्शन, औष्णिक वीज केंद्र. आम्ही मात्र बोलणार आहोत परळीच्या एसटीडी कोडबद्दल. ०२४४६. दुकानांच्या जुन्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर हे पाच आकडे आपण हजारदा वाचले असतील. त्यांच्यात इतिहास दडलेला आहे, तो आज उलगडून बघू.

आधी हा कोड आला कुठून? पूर्वी परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरकडे नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे दर. निकड जितकी मोठी तितके पैसे जास्त. ऑपरेटरला गावाचे नाव सांगितले की भागत असे. यंत्राला नाव कळत नाही, त्याला आकडाच लागतो. भारतात २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर-लखनौ अशी पहिली थेट एसटीडी सेवा सुरू झाली, आणि मग एकेका भागाला आकडा देणे ओघानेच आले.

या आकड्यांची रचना बघा. सुरुवातीचे शून्य म्हणजे 'बाहेर जायचे आहे' ही खूण. ते सोडले तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे. मुंबईचा कोड २२, म्हणून तिथे नंबर आठ आकडी. परळीचा २४४६, म्हणून इथे सहा आकडी. शहर मोठे तर कोड छोटा, गाव लहान तर कोड लांब. पुणे वाढले तसे ०२१२ चे ०२० झाले.

आता बीड जिल्ह्याकडे येऊ. आष्टी ०२४४१, बीड ०२४४२, माजलगाव ०२४४३, पाटोदा ०२४४४, केज ०२४४५, अंबाजोगाई ०२४४६, गेवराई ०२४४७. मोजा, सात होतात. जिल्ह्यात आज तालुके किती? अकरा. परळी, धारूर, वडवणी आणि शिरूर कासार यांना स्वतःचा कोड नाही. असे का? कारण जुन्या बीड जिल्ह्यात तालुके सातच होते, आणि तेव्हा परळी अंबाजोगाई तालुक्यात होती. कोडचे क्षेत्र साधारणपणे तालुक्याएवढे धरले गेले. पुढे महसूल खात्याने तालुके फोडले, कोड मात्र तसेच राहिले. आज परळी लोकसंख्येने अंबाजोगाईहून मोठे शहर आहे, पण फोनच्या हिशेबात ती अजून अंबाजोगाईच्याच घरात नांदते.

अमेरिकेत १९४७ मध्ये ८६ कोडांनी सुरुवात झाली, आणि वस्ती वाढली तसे कोड फुटत गेले. १९८४ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या २१२ मधून ब्रुकलिन आणि क्वीन्स बाहेर काढून त्यांना ७१८ दिला. आपल्याकडे बहुधा वेगळा मार्ग धरला: कोड तोच ठेवायचा, नंबर लांबवायचा. सहा आकड्यांत परळी-अंबाजोगाई दोन्ही आरामात मावतात, मग नवा कोड कशाला?

पण कोडची ही रेघ माणसांच्या खिशातून जात होती. कोड एक असला की कॉल स्थानिक दराचा. परळीहून अंबाजोगाईला बोलणे स्वस्त. आणि गंगाखेड? तेही हाकेच्या अंतरावर, पण परभणी जिल्ह्यात, कोड ०२४५३. लेक अंबाजोगाईला दिलेली असली तर बोलणे निवांत. गंगाखेडला दिली असली तर पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये मीटरकडे डोळा ठेवून बोलायचे, नाहीतर दर उतरायची वाट बघत रात्री रांगेत उभे राहायचे. नंतर शून्याऐवजी ९५ लावून स्वस्तात बोलायची सोय झाली खरी. पण जवळचे कोण आणि लांबचे कोण, हे कित्येक वर्षे या रेघेने ठरवले.

जरा वरून बघितले तर आणखी गंमत. संभाजीनगर ०२४०, परभणी ०२४५२, नांदेड ०२४६२, धाराशिव ०२४७२, जालना ०२४८२. मराठवाडा चोविसाच्या कुळात बसला, पण लातूर ०२३८२ होऊन बाहेर पडले आणि अहिल्यानगर ०२४१ होऊन आत आले. नागपूर ०७१२, म्हणजे विदर्भ सातात, मध्य प्रदेशाच्या शेजारी. पणजी ०८३२ आणि बेळगाव ०८३१, दोन्ही आठात. मराठी बोलणारा मुलूख असा दोन, सात आणि आठ या आकड्यांत वाटला गेला. भाषेचा नकाशा वेगळा, तारांचा वेगळा.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून नाव आणि आकडा यांतला फरक आमच्या डोळ्यांत भरतो. मोमिनाबादचे अंबाजोगाई झाले. अलीकडे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावे बदलली. नावाला अर्थ असतो, अभिमान असतो, म्हणून त्यासाठी लोक भांडतात. ०२४०, ०२४७२ आणि ०२४१ मात्र जागचे हलले नाहीत. आकड्याला अर्थ नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा दावा नाही, आणि म्हणूनच त्याने जुना नकाशा जसाच्या तसा सांभाळला.

आता हा कोडही विसरला जातोय. मोबाइलचा नंबर गावाचा नसतो, माणसाचा असतो. २०१५ पासून तर नंबर न बदलता देशात कुठल्याही सर्कलमध्ये जाता येते. परळीचा मुलगा पुण्याला गेला तरी त्याचा नंबर तोच. सोय मोठी आहे, तक्रार नाही. मात्र नंबर बघून 'हा आपल्याकडचा' असे आता ओळखता येत नाही.

म्हणून एक विनंती. घरात जुनी टेलिफोन डिरेक्टरी, पावतीपुस्तक, लेटरहेड असेल तर रद्दीत घालू नका. त्यावरचा कोड बघा, शेजारच्या गावांचे कोड त्याच्याजवळ मांडा, आणि तुमचा तालुका पूर्वी कुणाच्या पदराखाली होता ते ताडून बघा. गावाचा इतिहास ताम्रपटातच असतो असे नाही, दुकानाच्या रंग उडालेल्या पाटीवरही तो असतो.