वृक्ष उपकराची कुळकथा

मुंबईतल्या मालमत्ता कराच्या बिलात पाणी, मलनिःसारण, शिक्षण, रस्ते अशा रकान्यांबरोबर आणखी एक रकाना असतो : वृक्ष उपकर. रक्कम इतकी किरकोळ की बहुतेकांची नजर तिच्यावर ठरतही नाही. पण रस्त्यावरच्या झाडाचा खर्च कोणी उचलायचा, या फार जुन्या प्रश्नाला मिळालेलं ते आजचं उत्तर आहे.

सम्राट अशोकाने हा खर्च स्वतः केला. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांवर वड लावले, आमराया केल्या, असं त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे. पुढे तो भार पुण्य जोडणाऱ्यांनीही वाहिला. कुणी वड लावला, कुणी त्याला पार बांधून दिला. इंग्रजी अमदानीत रस्ते सरकारी खात्यांकडे आणि लोकल बोर्डांकडे गेले आणि झाडं हिशेबाच्या वहीत आली. कडेला आंबा, चिंच, जांभूळ लावायची, खोडावर गेरू-चुन्याचे पट्टे ओढून नंबर घालायचा आणि हंगामात फळांचा लिलाव करायचा. रस्त्याकडेच्या चिंचांचा लिलाव आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं होत राहिला. झाड आपल्या पोटापुरतं थोडंफार कमवत होतं.

शहरात हा हिशेब जुळेना. इथे आला मादागास्करचा गुलमोहर, अमेरिका खंडातला वर्षावृक्ष, पिवळ्या फुलांचा सोनमोहर. भराभर वाढणारी, देखणी झाडं; लिलावात मांडावं असं त्यांच्याकडे काही नाही. उलट गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची, म्हणून पावसाळ्याआधी फांद्या उतरवाव्याच लागतात. शिडीची गाडी, करवती, माणसं, पाला उचलायला ट्रक, हे सगळं दरसाल.

1975 साली महाराष्ट्राने नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा केला. शहरात वृक्ष प्राधिकरण नेमायचं, परवानगीशिवाय झाड तोडू द्यायचं नाही आणि या कामासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर उपकर घ्यायचा, अशी त्याची चौकट. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणंही पुढे बंधनकारक झालं. मुंबईची 2018 मध्ये जाहीर झालेली गणना सुमारे 29 लाख 75 हजार झाडांची. त्यातली रस्त्याकडेची दोन लाखांच्याही आतली, पण उन्हात चालणाऱ्या माणसाला रोज भेटतात ती हीच.

माझ्या मते आपली व्यवस्था झाडाकडे मन लावून पाहते ती दोनदाच : लावताना आणि तोडताना. मधली चाळीस-पन्नास वर्षं बिनहिशेबी जातात. रोपाला घातलेला लोखंडी पिंजरा वेळेवर काढला नाही की त्याची सळई सालीत रुतते, साल तिच्यावरून वाढते आणि पिंजरा खोडाच्या पोटात जातो. फुटपाथ नवा करताना काँक्रीट थेट बुंध्याला भिडवतात. मुळांना ना पाणी, ना हवा. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तुटतात, मग जूनमधल्या पहिल्या वादळात झाड त्याच्या उलट्या अंगाला कोसळतं आणि दोष झाडाच्या माथी येतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. या कामाला पहार आणि एक मजूर पुरतो. आजारी झाड ओळखणाऱ्या जाणकाराचा पगारही पडलेल्या झाडाखाली चेपलेल्या गाड्यांपुढे फार मोठा नाही.

1975 च्या कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावण्याची अट घातली. वय असं मोजायचं, तर त्यातल्या प्रत्येक वर्षाच्या देखभालीचा हिशेबही अंदाजपत्रकात वेगळा दिसला पाहिजे. तोडण्याच्या प्रस्तावाची नोटीस झाडावरच लावतात, तिच्यावर हरकत कुणालाही घेता येते. हाच नागरिक उपकर कुठे खर्च झाला, असंही महापालिकेला लेखी विचारू शकतो. छाटणीवर किती, रोपांवर किती आणि मुळं मोकळी करण्यावर किती, हे तीन आकडे तरी त्याने मागावेत.