रुपयामागे एक आणा

‘फंड’ हा शब्द मराठीत कोणा पंडिताने आणला नाही. तो गिरणीच्या भोंग्याबरोबर आपल्या घरांत शिरला. ‘भविष्यनिर्वाह निधी’ हे त्याचे भारदस्त सरकारी नाव कागदावरच राहिले. आमच्या भुदरगड तालुक्यातून परळ-लालबागला गेलेल्या माणसाचे अवघे आयुष्य तीन वाक्यांत सांगता येई : गाडी धरली, गिरणी केली, फंड काढला. त्या फंडातून मुलीचे लग्न होई, घरावर कौले चढत, एखादा तुकडा जमीन विकत मिळे. अलीकडे गारगोटीच्या बाजारात मात्र निराळेच बोलणे कानावर येते. ‘पोरगा दुबईला निघालाय, फंड काढायचाय, पण त्यावर कर पडतो म्हणं!’ ते ऐकले आणि इतिहासाचा नाद असलेल्या माझ्या मनात प्रश्न उभा राहिला : घर सोडून निघालेल्याच्या शिदोरीतून सरकारने वाटा घ्यावा, ही रीत आली कोठून?

आपल्या जुन्या मराठी राज्यात तर उलटीच परिस्थिती होती. दुष्काळ पडला, लष्कर गावावरून गेले, की कुळे परागंदा होत. जमीन भरपूर आणि कसणारे हात थोडे, अशा त्या काळात गेलेल्या माणसावर कर बसवणार कोण, आणि वसूल करणार कसा? म्हणून अंमलदार त्याला कौल पाठवीत : ‘परत या, वस्ती करा, पहिल्या वर्षी थोडे द्या, पुढे दरसाल थोडे वाढवून द्या.’ या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याचा जमिनीवरचा हक्क लगोलग बुडत नसे. वर्षांनी परतला तरी त्याला आपली मिरास मागता येई. जाणाऱ्याला अडवण्यापेक्षा येणाऱ्याला बोलावण्यात त्या राज्याला शहाणपण वाटे.

युरोपात याच्या अगदी उलट रीत होती. जर्मनीतील जुनी नगरे आणि संस्थाने आपल्या हद्दीबाहेर जाणाऱ्याच्या मालमत्तेतून ठरीव हिस्सा कापून घेत. १९३१ साली आर्थिक संकटात सापडलेल्या जर्मनीने देश सोडणाऱ्या धनिकांवर मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याइतका कर बसवला. पैसा देशाबाहेर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. दोन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि तोच कर जीव घेऊन पळणाऱ्या ज्यूंना नागवण्याचे साधन झाला. कायदा एका कामासाठी जन्मतो आणि दुसऱ्याच्या हाती पडतो, तो असा.

आता आपल्या फंडाकडे वळू. सरकारी नोकरांच्या फंडासाठी इंग्रजांनी १८९७ साली कायदा केला आणि १९२५ साली तो नव्याने लिहिला. त्यातील मोठी गोष्ट अशी की, सक्तीने साठवलेल्या या पैशावर सावकाराला जप्ती आणता येत नसे. कर्जापायी गाडगी-मडकीसुद्धा गमावणाऱ्या समाजात हे केवढे अभय होते! १९२९ साली खाजगी पेढ्यांच्या मान्यताप्राप्त फंडांना प्राप्तिकरात सवलत मिळाली. म्हातारपणासाठी जो आज पोटाला चिमटा घेतो, त्याच्याकडून आज कर घेऊ नये, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले.

गारगोटी त्या काळी कोल्हापूर संस्थानात होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९५२ साली कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला आणि आरंभी सहा उद्योगांना लागू झाला. कापड उद्योग त्यांतलाच, म्हणजे आमचा गिरणीकामगार पहिल्याच पंगतीला बसला. वर्गणी ठरली सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा. कामगाराचा एक आणा आणि मालकाचा एक आणा. आज ती वर्गणी सामान्यतः बारा टक्के आहे. योगायोग असा की, त्याच १९५२ साली जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारले. खेड्यातल्या मुलाला खेड्यातच चांगले शिक्षण मिळावे, ही त्यामागची तळमळ. मुले शिकली, आणि शिकलेल्या मुलांची पावले गावाच्या वेशीपाशी थांबत नाहीत, हेही ओघाने आलेच.

मग कर पडतो तो कशावर? प्राप्तिकर कायद्यात मेख आहे ती पाच वर्षांची. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल, तर फंडाची काढलेली रक्कम करमुक्त. त्याआधी काढली, तर दिलेली सवलत सरकार परत घेते : मालकाचा हिस्सा आणि सारे व्याज उत्पन्नात धरले जाते, आणि आपल्या हिश्श्यावर पूर्वी वाचलेला करही भरावा लागतो. २०१५ पासून तर फंडाच्या कचेरीतच दहा टक्के कापून घेण्याची रीत सुरू झाली. पन्नास हजारांच्या आतल्या रकमा तिच्यातून सुटतात. दीड लाखाचा फंड असेल तर पंधरा हजार आधीच जातात. म्हणजे बारकाईने पाहिले तर हा कर देश सोडण्यावर नाही, घाईवर आहे.

पण घाईलाही कायद्याने काही कारणांची माफी ठेवली. प्रकृती ढासळली, मालकाचा धंदा बसला, किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणाने नोकरी गेली, तर पाच वर्षांची अट नाही. त्या यादीत परदेशगमन नाही. गंमत पाहा : फंडाच्या योजनेच्या नियमांनी मात्र परदेशी नोकरीला किंवा कायमच्या वास्तव्याला जाणाऱ्याला सारा पैसा निघण्यापूर्वीच काढण्याची मुभा दिली. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीलाही त्यांनी ताटकळत ठेवले नाही. म्हणजे एका खात्याने पेटीचे कुलूप काढून दिले आणि दुसरे खाते दारात हिशोबाची वही घेऊन उभे राहिले. पैसा तसाच ठेवून पाच वर्षे भरतील म्हणावे, तर मोजतात ती नोकरीची वर्षे, खात्याची नव्हेत.

१९६० च्या दशकात विलायतेला गेलेली आपली माणसे खिशात तीन पौंड घेऊन उतरल्याच्या हकिकती सांगत. परकीय चलनाची टंचाई होती, देश नवा होता. त्या कडकपणाचे कारण समजू शकते. आज ती टंचाई राहिलेली नाही. कागल किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात तीन वर्षे राबून आखाताकडे निघालेला मुलगा काही धनिक नव्हे. त्याच्या फंडातून बहुधा दलालाचे देणे आणि विमानाचे तिकीटच निघायचे असते. त्याची घाई चैनीची नसते, एवढे कायद्याने ध्यानात घ्यायला हवे, असे मला प्रांजळपणे वाटते.

तोवर घरच्यांच्या हातात एक उपाय आहे. एक नोकरी सोडून दुसरी धरताना फंड काढून न खाता नव्या खात्यात वळता केला, तर आधीची वर्षेही मोजणीत येतात. कागलची दोन आणि पुण्याची तीन मिळून पाच होतात. पोरे दोन-तीन नोकऱ्या बदलतात आणि दरवेळी मोटारसायकलीच्या हप्त्यासाठी फंड मोडतात, तिथे ही वर्षे वाया जातात. यंदा लक्ष्मीपूजनाला चोपड्या-पासबुके पाटावर मांडाल, तेव्हा मुलाच्या फंडाचा उताराही काढून त्यांत ठेवा आणि वर्षे मोजून पाहा. पाचाला चारसहा महिनेच उरले असतील, तर जाण्याची तारीख थोडी पुढे ढकलता येते का, हे तो घरी असतानाच सर्वांनी बसून ठरवावे.