निद्रानाश, चिंता आणि सामुदायिक प्रार्थना : वऱ्हाडातील एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : कापसाचे भाव व सावकारी कर्ज यांचा इतिहास लिहिला गेला; त्यापायी उडालेली झोप मात्र दुर्लक्षित राहिली. जठारपेठेतील विद्यार्थी असो वा खेड्यातील कास्तकार, अंथरुणावर पडताच विचारांचे चक्र सुरू होते.

विवेचन : ही व्याधी नवी नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात चिंता, भय व क्रोध यांनी झोप उडते असे सांगून अभ्यंग, दूध, सुखद शय्या हे उपाय दिले आहेत. ते व्यक्तीपुरते होते. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. त्याच काळात, १९३५ साली, तुकडोजी महाराजांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापला. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना पुढे गावोगावी रुजली. ती झोपेचा उपचार म्हणून योजलेली नव्हती. तथापि दिवसाची चिंता अंथरुणावर एकट्याने नेण्यापूर्वी चौघांत बसून मन निववण्याची सोय तीत होती, असे म्हणता येईल.

निष्कर्ष : आजची निद्राचिकित्साही ठरावीक वेळ व झोपेपूर्वीचा विसावा यांवर भर देते. परंतु कर्ज प्रार्थनेने फिटत नाही. म्हणूनच ‘ग्रामगीते’त (१९५५) प्रार्थनेसोबत ग्रामोद्योगाचाही विचार आहे. शांत झोप हा समाजव्यवस्थेचाही प्रश्न ठरतो.