अश्वाचा भार आणि श्रावकाचे व्रत

मुळशीचा मुलूख मावळ्यांचा. डोंगरात पायदळ आणि मैदानात घोडदळ, या दोन बळांवर स्वराज्य उभे राहिले. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ सालच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना पाठविलेले आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. आज दाणावैरण उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय. शस्त्र न उचलताही हत्या घडते, हे त्यातील मर्म होय.

तत्त्वार्थसूत्राने हा विचार शतकानुशतके आधी मांडला. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. साधु-साध्वी पायीच विहार करतात. श्रावकाला मात्र अश्व वर्ज्य नव्हता, त्याच्यावर अतिभार घालणे हा दोष होता.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९६५ चे नियम याच वाटेने गेले. तट्टूवर ७० किलोहून अधिक ओझे नको, दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, काटेरी लगाम नको. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी धावणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरविल्या.

पूर्वी अश्व गरजेसाठी होता. आज तो बहुधा करमणुकीसाठी आहे. म्हणून अनर्थदंडविरमण व्रताचा, निष्प्रयोजन हिंसा टाळण्याचा प्रश्न येथे अधिक तीव्र होतो. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन अश्वच आहे. त्यापुढे हात जोडणाऱ्याने सहलीत तट्टूवर बसण्यापूर्वी त्याची पाठ सोललेली नाही ना, त्याला पाणी मिळाले ना, एवढे तरी पाहावे.