काळी चौकट, फाटका कोपरा

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात मरण हा छापखान्याचाही विषय होता. घरात कुणी गेलं की काळ्या चौकटीची कार्डं छापली जात. त्यावर मृताचं नाव, वय, मृत्यूची तारीख आणि खाली चार-आठ ओळींची कविता असे. १४ डिसेंबर १८६१ रोजी राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट वारला. त्यानंतर राणीने उरलेलं आयुष्य काळे कपडे घातले आणि काळ्या कडेच्या कागदावर पत्रं लिहिली. राजघराण्याने केलं की मध्यमवर्गही तेच करतो. मग ही कार्डं घरोघरी पोहोचली. लोक ती बायबलमध्ये जपून ठेवत. आज ब्रिटनमधली अनेक कुटुंबं आपली वंशावळ शोधताना याच कार्डांचा आधार घेतात.

आपल्याकडे असं काही होतं का? होतं, पण त्याचं रूप वेगळं होतं. फारसी-उर्दू लिहिणाऱ्यांमध्ये मृत्यूनंतर 'तारीख' म्हणण्याची रीत होती. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. या पद्धतीला अबजद म्हणतात. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, लाम म्हणजे ३० आणि गैन म्हणजे १०००. 'गालिब' हा शब्द घेतला तर गैन, अलिफ, लाम, बे मिळून १०३३ होतात. शायर असा मिसरा रचायचा की त्यातल्या अक्षरांची बेरीज मृत्यूच्या हिजरी सालाइतकी भरावी. म्हणजे तीच कविता, तोच शोक आणि तीच मृत्यूची नोंद. गालिबने तर स्वतःच्याच मरणाची तारीख काढून ठेवली होती, हिजरी १२७७. ते साल आलं आणि गेलं, गालिब जिवंतच राहिला. तो गेला १५ फेब्रुवारी १८६९ला, म्हणजे हिजरी १२८५मध्ये. त्याच्यावर हालींनी लिहिलेला मर्सिया उर्दूत आजही वाचला जातो.

या तारखांना छापील रूप दिलं शिळाछापाने. नस्तालीक लिपीचे खिळे पाडणं अवघड आणि खर्चाचं काम होतं. शिळाछापात कातिब आपल्या हाताने लिहायचा आणि ते अक्षर तसंच दगडावर उतरायचं. मुंबईत, लखनौमध्ये असे छापखाने चालले. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८मध्ये लखनौत सुरू केलेला छापखाना त्यातला सर्वांत मोठा. पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर मित्रांनी, शागिर्दांनी रचलेल्या तारखा छापल्या जात, पुस्तकाच्या छपाईच्या आणि माणसांच्या मृत्यूच्याही.

कागदाला आपल्यात एवढं महत्त्व असण्याचं आणखी एक कारण आहे. कबर पक्की बांधू नये, तिच्यावर लिहू नये, असं हदीसमध्ये आलं आहे. म्हणून आपल्या कित्येक कब्रस्तानांत नावाचा दगड नसतो. दोन-तीन पावसाळ्यांत कबर जमिनीशी सपाट होते. मग नाव उरतं ते फातेहा देणाऱ्यांच्या तोंडी किंवा कागदावर.

आता चांद्याकडे येऊ. इथल्या सामान्य माणसाच्या वाट्याला ना काळ्या चौकटीचं कार्ड आलं, ना शायराने काढलेली तारीख. त्याच्या वाट्याला आलं पोस्टकार्ड. १ जुलै १८७९ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं, किंमत पाव आणा. मरणाची बातमी असेल तर कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवायची पद्धत पडली, हिंदूंमध्येही आणि मुसलमानांमध्येही. वाचता न येणाऱ्यालाही फाटका कोपरा कळायचा. पण ते वाचलं की घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. इंग्रजांचं कार्ड जपण्यासाठी होतं, आपलं कार्ड नष्ट करण्यासाठी. गरिबांच्या मरणाचा इतिहास असा त्यांच्याच हातांनी पुसला गेला.

काहींच्या वाट्याला तर तेवढाही कागद आला नाही. १८५८च्या मार्चमध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि राजगड परगण्यावर चाल केली. त्यांच्यासोबत गोंड होते आणि रोहिलेही होते. पुढे अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीने इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. हिजरी साल होतं १२७५. बाबूरावांचं नाव गोंड समाजाने जपलं. २००९मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. दीडशे वर्षांनी छापलेलं ते एक शोकपत्रच म्हणायचं. पण त्यांच्यासोबतचे रोहिले? सरकारी लिखाणात ते फक्त 'रोहिल्यांची टोळी' आहेत. लुटारूंना नावं लागत नाहीत, टोळी म्हटलं की भागतं. त्यांची जनाजा नमाज कुणी पढली असेल, घरी कुणी वाट पाहिली असेल, याला त्या लिखाणात जागा नाही.

याच जंगलात स्मरणाची दुसरी रीतही आहे. भामरागडच्या बाजूला माडिया गोंड आपल्या मृतासाठी दगड उभा करतात. त्यावर अक्षर नसतं, पण तो कुणाचा हे गावाला ठाऊक असतं. चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात हजरत गैबी शाह वलींचा दर्गा आहे. मोहरममध्ये तुरुंगाचे दरवाजे लोकांसाठी उघडतात आणि हिंदू-मुसलमान दोघेही जियारतीला जातात. ज्या पिंपळाशी बाबूरावांची फाशी जोडली जाते, तोही याच आवारात आहे. करबलाचा शोक आणि शेडमाक्यांचा शोक एकाच भिंतीआड आहेत. या स्मरणाला छापखाना लागला नाही, माणसं लागली.

पण माणसं विखुरतात, भाषा बदलतात. आपण विदर्भातले मुसलमान आज मराठी लिहितो, मराठीत विचार करतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र आजोबांच्या पेटीतला उर्दू कागद आता घरात कुणाला वाचता येत नाही. त्यावर अल्लाहचं नाव असेल या धाकाने तो रद्दीत जात नाही, नदीत किंवा विहिरीत 'ठंडा' केला जातो. अदब म्हणून केलेल्या या कृतीत निकाहनामा जातो, जमिनीची चिठ्ठी जाते, कुणाच्या इंतकालची तारीखही जाते. आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या माणसाला त्याच्या आजोबाचा कागद मागितला की तो रिकाम्या हाताने उभा राहतो.

म्हणून एवढंच सुचवायचं आहे. कागद ठंडा करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. मोहल्ल्यातल्या मौलवींकडून किंवा उर्दू शाळेतल्या एखाद्या शिक्षकाकडून तो वाचून घ्या आणि त्याखाली मराठीत लिहा: कोण, कुठला, कधी गेला. घरातल्या मोठ्यांना विचारून मागच्या तीन पिढ्यांची नावं एका वहीत उतरवा, आजी-नानीची नावं धरून, कारण तीच सगळ्यात आधी गळतात. फातेहाच्या वेळी 'सगळ्या मरहूमांना' म्हणतो, तेव्हा ती नावं एकदा मोठ्याने वाचा. त्या नाव नसलेल्या रोहिल्यांसाठीही एक फातेहा असू द्या. त्यांना दुसरं काही देणं आता आपल्या हातात नाही.