मनाचं औषध तालुक्यात आलं तेव्हा

सरकारी खर्चानं मानसिक उपचार म्हणजे एके काळी मनोरुग्णालय, एवढंच. महाराष्ट्रात अशी चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आता गडचिरोलीच्या रुग्णाला नागपूरला न्यायचं म्हणजे सोबत दोघं हवेत. तिघांचं भाडं, दोघांची बुडालेली मजुरी. ‘मोफत’ या शब्दात हे कधीच धरलं जात नाही.

१९७५च्या सुमारास बंगळुरूच्या निम्हान्सनं सकलवारा गावात आणि चंडीगडच्या पीजीआयनं हरियाणातल्या रायपूर राणीत उलटा विचार केला : रुग्णानं का यावं, उपचारच तिकडे जाऊ देत. त्यावरून १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला. १९८५पासून निम्हान्सनं कर्नाटकातल्या अख्ख्या बेल्लारी जिल्ह्यात तो करून पाहिला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण, मोजकी स्वस्त औषधं, साध्या नोंदी. घरोघर फिरणारे आरोग्य कर्मचारी रुग्ण ओळखायला शिकले. यात फेफरंही घेतलं होतं. तो खरं तर मेंदूचा आजार, पण मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. झटके थांबलेले अख्ख्या गावाला दिसतात.

आणि मग? कार्यक्रम ठरल्यावर पहिले ४ जिल्हे निवडायला १९९६ उजाडलं. चौदा वर्षं!

६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. घरच्यांच्या अंधश्रद्धेवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. पण माणसाला ठेवायला दुसरी जागा कुठे होती, हेही विचारायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

२०१७च्या कायद्यानं उपचार हा हक्क केला. त्यातलं एक कलम सहसा कुणाला माहीत नसतं : जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर रुग्णानं त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घ्यावेत, खर्च सरकार देईल. त्याच जिल्ह्यात! जिथे खासगी मानसोपचारतज्ज्ञही नाही, तिथे या कलमाचं काय करायचं? कायद्याआधीच्या, २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते.

२०२२पासून टेलि-मानस आहे : १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. बोलायला आता भाडं लागत नाही. गोळ्या आणायला अजून लागतं.